गेको नंतर आणा, आधी त्याची रिकामी पेटी आठवडाभर चालवून बघा

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या आठवड्यात 14 वर्षांची होईल. गेली दोन वर्षं ती लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची एक पाल, पाळायचा हट्ट धरून आहे. कुत्रा-मांजर जमणार नाही, कारण माझी 74 वर्षांची आई आमच्यासोबत राहते आणि तिला केसांचा त्रास होतो. शेवटी मी हो म्हटलं आणि वाढदिवसालाच गेको आणायचं ठरवलं. घरात माशांची जुनी दोन फुटी काचेची टाकी आहे. हीट मॅट (पेटीच्या तळाला ऊब देणारी विजेची चटई), रात्रीसाठी निळा बल्ब, बारीक वाळूची पिशवी आणि एक शोभेची गुहा घेऊन ठेवली आहे. आणखी काय लागेल? एकटा कंटाळेल म्हणून दोन आणावेत का? आणि आईला काही धोका नाही ना?

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही प्राणी घरी आणण्याआधी विचारलंत. बहुतेक पत्रं गेको खाईनासा झाल्यावर येतात. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतोच, पण आधी एक विनंती. वाढदिवसाची तारीख सोडून द्या. त्या दिवशी मुलीला गेकोचं घर द्या, रिकामं. ते तिने स्वतः मांडावं, सुरू करावं आणि त्यातले तापमानाचे आकडे निदान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे वहीत लिहावेत. आकडे स्थिर झाले की गेको आणा.

हा आग्रह का, ते सांगतो. आपलं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं, गेकोचं तसं नाही. त्याला ऊब हवी असली की तो उबदार जागी जातो, पुरे झाली की सावलीत सरकतो. त्याचं पचन, रोगाशी लढण्याची ताकद, कात टाकणं, सगळं या हिंडण्यावर चालतं. पेटीत पुरेशी ऊब नसेल तर पोटातला किडा पचत नाही, आणि सगळीकडे सारखीच ऊब असेल तर तिच्यापासून सुटका नाही. म्हणून पेटी तयार आहे की नाही हे सामानाच्या यादीवरून ठरत नाही. गरम आणि थंड, कोरडं आणि ओलसर, उजेड आणि अंधार यांतून त्याला केव्हाही आपली जागा निवडता येते का, ते बघायचं. विकत घेतलेली प्रत्येक वस्तू याच कसोटीवर तपासा.

आधी तुमची टाकी. दोन फूट म्हणजे साधारण 60 सेंटिमीटर. पिल्लाचे सुरुवातीचे महिने त्यात निघतील, पण पूर्ण वाढलेला गेको 20 ते 25 सेंटिमीटर लांब होतो. त्याच्यासाठी 90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच पेटी हवी. ही मोठ्या जागेची हौस नव्हे. 60 सेंटिमीटरच्या टाकीत एका टोकाला 33 अंश ठेवून दुसऱ्या टोकाला 25 अंश राखणं फार अवघड जातं, दोन्ही टोकं एकमेकांत मिसळतात. माशांच्या टाकीची दुसरी अडचण म्हणजे ती वरून उघडते. गेकोच्या दृष्टीने वरून येणारा हात म्हणजे झडप घालणारा पक्षी. समोरून सरकत्या काचा असलेली पेटी घेतलीत तर हात त्याच्या नजरेच्या पातळीवरून आत जातो आणि विश्वास लवकर बसतो. एकदाच खर्च करायचा असेल तर तो मोठ्या पेटीवर करा. जुनी टाकी आजारपणात वेगळं ठेवायला उपयोगी पडेल.

पेटी कुठे ठेवायची हेही आधीच ठरवा, कारण भरल्यावर ती हलवणं जिवावर येतं. कमरेच्या उंचीवर, पक्क्या टेबलावर, जिथे आदळआपट होत नाही अशा कोपऱ्यात ती ठेवा. खिडकीजवळ अजिबात नको. काचेतून ऊन आलं की बंद पेटी काही मिनिटांत जीवघेणी तापते. उलट त्या उन्हातला जो भाग गेकोला उपयोगी पडला असता, ते यूव्हीबी (अतिनील) किरण, खिडकीची साधी काच जवळपास सगळे अडवते. म्हणजे तोटा तेवढा पदरात पडतो. स्वयंपाकघरही नको, त्याचं कारण आईंच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे, तिथे येईनच.

आता उष्णता. तुमचं यश-अपयश इथेच ठरणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राशिवाय, हीट मॅट लावू नका, एका रात्रीसाठीही नाही. नियंत्रण नसलेली मॅट म्हणजे गॅसवर विसरलेला तवा. तिचा पृष्ठभाग 45 अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि पोटाला चटका बसत असतानाही गेको वेळेवर उठून बाजूला होईल याची खात्री नसते. पोट भाजलेले गेको पशुवैद्यांकडे नेहमी येतात. थर्मोस्टॅटचा सेन्सर गेको जिथे बसणार त्याच जागी, गरम गुहेच्या आत जमिनीवर टेकवून ठेवा. तिथे 32 ते 34 अंश हवेत. पेटीच्या दुसऱ्या टोकाला 24 ते 26. रात्री सगळं 20-21 पर्यंत उतरलं तरी निरोगी गेकोला चालतं, त्याच्या मूळ प्रदेशातही रात्री गारच असतात.

माझं मत विचाराल तर मॅटपेक्षा वरून ऊब देणारा हॅलोजन दिवा चांगला. दिवसा तो दगडाची फरशी तापवतो आणि संध्याकाळी गेको बाहेर पडून त्या उबदार फरशीवर पोट टेकतो. रानातही तो हेच करतो. दिव्याला मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट लागतो. मॅटसाठी चालू-बंद होणारा साधा चालतो. हे दोन्ही प्रकार वेगळे असतात, घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा. दिवा आत असेल तर त्याला जाळी हवी. तापणारे कृत्रिम दगड मात्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. ते एकाच जागी जास्त तापतात आणि त्यांनी भाजतं.

मोजायचं कशाने? पेटीला चिकटवायची ती गोल काट्याची तबकडी काचेचं तापमान सांगते, गेकोच्या पोटाखालचं नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर फरशीचं तापमान क्षणात कळतं. मुलीच्या वहीत सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन रकाने असू द्या. पहिले दोन-तीन दिवस आकडे इकडेतिकडे होतील. मग दिवा थोडा वर घ्या, सेन्सर सरकवा, झाकणाची जाळी कुठे झाकायची ते बघा. ही खटपट गेको आत असताना केली तर त्याचे हाल होतात, रिकाम्या पेटीत कुणाचंच काही बिघडत नाही. तुमच्याकडे उन्हाळा कडक असेल तर उलटी बाजूही तपासा. खोलीच 33 अंशांवर गेली तर थंड टोक उरतच नाही. अशा दिवसांत दिवा बंद ठेवावा लागेल आणि खोली गार करण्याची सोय आधी पाहावी लागेल.

निळा बल्ब परत करा. रंगीत बल्ब प्राण्यांना दिसत नाहीत असं सांगून विकतात, ते खरं नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेल्मेट गेको या निशाचर जातीच्या पालींनी माणसाला रंग कळणं बंद होतं इतक्या मंद उजेडातही निळा आणि राखाडी यांत फरक केला. निशाचर गेकोचे डोळे आपल्यापेक्षा कितीतरी तरबेज असतात. रात्री त्याला खरा काळोख हवा. खोली फार गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा.

निळा उजेड म्हणजे यूव्हीबी नव्हे, हा घोळही अनेकांचा होतो. यूव्हीबी डोळ्याला दिसत नाही. तो त्वचेवर पडला की तिथे ड जीवनसत्त्व बनायला सुरुवात होते आणि त्याच्या मदतीने अन्नातलं कॅल्शियम हाडांत जातं. लेपर्ड गेको संध्याकाळचा प्राणी म्हणून त्याला यूव्हीबी लागतच नाही, असं पूर्वी सर्रास सांगत. पावडरीतून ड जीवनसत्त्व देऊन तो जगतो, हे खरं. पण दिवसाकाठी थोडा वेळ यूव्हीबी मिळालेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तात ड जीवनसत्त्व जास्त आढळलं आहे. मी तरी कमी तीव्रतेची, सावलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली नळी लावाच म्हणेन. पेटीच्या अर्ध्या लांबीपर्यंत पुरेल अशी लावा, म्हणजे दुसरा अर्धा भाग सावलीत राहील. उजेड 12 तास, टायमरवर. नळी दिसायला पेटत राहते पण यूव्हीबी घटत जातं, म्हणून कंपनीने दिलेल्या मुदतीला, साधारण वर्षाने, ती बदला. काळा रंग नसलेला अल्बिनो गेको आणणार असाल तर त्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. तीव्रता आणखी कमी ठेवा आणि आडोसे वाढवा.

वाळूची पिशवीही तूर्त बाजूला. पिल्लं किड्यावर झडप घालताना वाळू गिळतात. तापमान कमी आणि कॅल्शियम अपुरं असेल तर ती आतड्यात साचते. पहिले दोन-तीन महिने तळाला साधा कागदी टॉवेल पुरे. दिसायला बेचव, पण शी कशी झाली, खाल्लेला किडा ओकून टाकला का, हे सगळं त्यावर लगेच दिसतं. तब्येत नीट आहे याची खात्री झाली की दगडी फरश्या किंवा माती-वाळूचं घट्ट बसणारं मिश्रण घाला. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, तो काचेवर चढू शकत नाही. त्याला पायाखाली खडबडीत, पक्की जमीन लागते.

गुहा एक पुरणार नाही, तीन हव्यात. एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. एकच असली तर गेकोला सुरक्षित वाटणं आणि योग्य तापमान यांतलं एकच काहीतरी मिळतं, आणि तो बहुधा लपणं पसंत करतो. मग गारठून का होईना, तिथेच बसून राहतो. तिसरी गुहा ओलसर. झाकणाच्या डब्याला तो सहज शिरेल एवढं भोक पाडा, कडा घासून घ्या, आत ओलं शेवाळ किंवा ओला कागदी टॉवेल ठेवा. बाकी पेटी कोरडी, आर्द्रता 30 ते 40 टक्के, पण कात टाकायच्या दिवसांत तो या ओल्या गुहेत जाऊन बसतो. ओल मिळाली नाही तर बोटांवर कात अडकते, आवळत जाते आणि बोटं झडतात. कात अडकलीच तर ओढायची नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडावर त्याला थोडा वेळ उभा करा, मग ती हलकेच सुटते. उरलेली जागा मोकळी सोडू नका. बुचाची साल, सपाट दगड, कृत्रिम पानं अशी गर्दी करा. दगड मात्र थेट पेटीच्या तळावर टेकवा, मातीवर ठेवलेला दगड खालून उकरला गेला तर गेको चिरडतो.

एकटा कंटाळेल का? नाही. लेपर्ड गेको सोबतीसाठी झुरत नाही. दोन नर एकमेकांना फाडतात. नर-मादी ठेवलेत तर मादी अंडी घालून घालून खंगते. दोन माद्यांत एक हळूहळू दुसरीचं खाणं आणि ऊब हिरावते, आणि ते तुमच्या लक्षात येतं तेव्हा तिची शेपटी बारीक झालेली असते. दोघी एकाच गुहेत चिकटून बसलेल्या दिसल्या की लोकांना प्रेम वाटतं. प्रत्यक्षात तिथे एका उबदार जागेसाठी स्पर्धा चाललेली असते. एकच आणा.

खाण्याबद्दल मुलीशी आजच बोला. लेपर्ड गेको पालेभाजी खात नाही, तो फक्त किडे खातो, आणि ते जिवंत, हलणारे लागतात. म्हणजे घरात रातकिड्यांचा किंवा डुबिया झुरळांचा डबा कायमचा येणार. रातकिडे रात्रभर किरकिरतात, अधूनमधून एखादा निसटतोही. माझी सूचना अशी की पेटी चालवून बघायच्या दिवसांतच किड्यांचा डबाही घरात आणा. त्यांना गाजर, भाज्या, दाणे घालणं आणि मेलेले उचलणं हे काम मुलीकडेच असू द्या. किड्याने खाल्लेलं गेकोच्या पोटात जातं, म्हणून देण्याआधी त्यांना दिवसभर चांगलं चारायचं असतं. हे तिला जमलं, आजीला चाललं, तर पुढचं सोपं आहे. गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नका. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी. फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पावडर बहुतेक वेळा किड्यांवर भुरभुरवायची. अ आणि ड जीवनसत्त्वांची पावडर कधी आणि किती, ते यूव्हीबी लावला आहे की नाही यावर ठरतं, पशुवैद्यांकडून नक्की करून घ्या. कॅल्शियम कमी पडलं की जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं, आणि वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात. बाहेरचे किडे पकडून घालू नका. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं आणि काजव्यासारखे काही सरड्यांना थेट विषारी असतात.

आता आई. केसांचा त्रास गेकोने होणार नाही, पण एक धोका आहे आणि तो हलका करून सांगणार नाही. अगदी निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही साल्मोनेला हे पोटाचा आजार देणारे जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, 65 च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना त्याचा संसर्ग जड जातो. तुमच्या आई या गटात येतात. याचा अर्थ गेको आणूच नका असा मी काढत नाही, पण नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचे. गेकोला किंवा पेटीतल्या कशालाही हात लावला की साबणाने हात धुवायचे. पाण्याची वाटी, गुहा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत, त्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश. गेकोचा पापा घ्यायचा नाही, जेवायच्या टेबलावर, आईंच्या पलंगावर त्याला सोडायचं नाही. पेटी मुलीच्या खोलीत असलेली बरी. आईंना एखादा दीर्घ आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर तो शब्द अखेरचा माना, मुलीला कितीही वाईट वाटलं तरी.

पैसे देण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, कायदा. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला. जिथे एखादी जात रानात सापडते तिथे ती पाळायला बंदी असू शकते. म्हणून तुम्ही राहता तिथल्या वन्यजीव खात्याकडे चौकशी करा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. परवानगी नसेल तर विषय तिथेच संपला. दुसरी, गेको कोणत्या रंगप्रकाराचा आहे. नवशिक्याला सुंदर रंग दाखवून दुखणं विकलं जातं. लेमन फ्रॉस्ट प्रकारातल्या बहुतेक गेकोंना पुढे त्वचेच्या गाठी होतात, एनिग्मा प्रकारात तोल जातो, मान फिरत राहते. हे दोन्ही टाळा. साधा, पिवळा, ठिपक्यांचा गेको घ्या. डोळे स्वच्छ, बोटं पूर्ण, शेपटी जाड. चरबी शेपटीत साठते, म्हणून बारीक शेपटीचा प्राणी दया येऊन घेऊ नका.

आणि वय. नीट ठेवलेला लेपर्ड गेको 15 ते 20 वर्षं जगतो. तुमची मुलगी चार-पाच वर्षांत शिकायला दुसरीकडे गेली तर किडे कोण चारणार, हे घरात मोकळेपणाने बोलून घ्या. मला वाटतं, खरा पालक तुम्हीच असाल. त्याला तुमची तयारी असेल तर पुढे जा.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गेको येण्याआधी शोधून ठेवा, कारण सगळे करत नाहीत. गेको घरी आल्यावर पहिले दोन आठवडे त्याला हातात घ्यायचं नाही. पाणी बदलायचं, साफ करायचं, किडे ठेवायचे आणि बाजूला व्हायचं. चार-पाच दिवस त्याने काही खाल्लं नाही तर घाबरू नका, आधी तापमान बघा. शेपटीला कधीही धरू नका. घाबरला तर तो ती तोडून टाकतो. नवी येते, पण जाड, आखूड, वेगळ्याच आकाराची, आणि साठवलेली चरबी गेलेली असते. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घ्या, त्यावर स्वयंपाकाचं काही ठेवायचं नाही. दर आठवड्याला एकदा वजन घेऊन त्याच वहीत लिहा. पहिल्या पंधरा दिवसांतली ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यांकडे तपासायला न्या, क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवीसाठीही तपासायला सांगा. वजन सलग दोन-तीन आठवडे उतरत राहिलं तर थांबू नका, गेकोला आणि वहीला घेऊन थेट दवाखाना गाठा.